रिफ्लक्स कॉलमचा पॉट स्टिल करताना

रिफ्लक्स कॉलम म्हणजे थंड केलेली दारू पुन्हा पुन्हा खाली सोडून शुद्ध करणारी उंच नळी. तिच्यातून येणारी दारू इतकी स्वच्छ असते की मूळ वॉश, म्हणजे आंबवलेला द्रव, फळाचा होता, धान्याचा होता की नुसत्या साखरेचा, हे चवीवरून ओळखता येत नाही. न्यूट्रल स्पिरिटसाठी नेमकं हेच हवं असतं. ब्रँडी, रम किंवा व्हिस्की करायची असेल तर मात्र हाच गुण आड येतो, कारण ज्या वासासाठी वॉश लावला तोच कॉलममध्ये अडून राहतो. मग प्रश्न पडतो की दुसरा पॉट स्टिल, म्हणजे एकदाच उकळून गाळणारी साधी भट्टी, घ्यायचा, की आहे त्याच कॉलमकडून ते काम करून घ्यायचं? करून घेता येतं, आणि चांगलं घेता येतं. पण यावर सर्रास मिळणारं उत्तर, "रिफ्लक्सचं पाणी बंद करा, झाला पॉट स्टिल", एका प्रकारच्या कॉलमपुरतं खरं आहे. दुसऱ्या दोन प्रकारांत ते पाणी बंद करणं म्हणजे पेट घेणारी वाफ सरळ खोलीत सोडणं.

कायद्याचं आधीच सांगून टाकतो. न्यूझीलंडमध्ये १९९६ पासून स्वतःपुरती दारू घरी गाळायला मुभा आहे. बहुतेक देशांत परवाना लागतो किंवा सरळ बंदी असते. आपल्या ठिकाणी काय आहे ते बघूनच हात घाला.

नेमकं बदलायचं काय

पॉट स्टिलमध्ये वाफ बॉयलरमधून निघते, नळीतून जाते, कंडेन्सरमध्ये थंड होते आणि बाहेर पडते. एकदा उकळली, एकदा थंड झाली, संपलं. १० टक्के अल्कोहोलचा वॉश साधारण ९३ अंशांना उकळतो आणि त्याची वाफ ५५ टक्क्यांच्या आसपास असते. ४० टक्क्यांचा माल भरला तर उकळबिंदू ८४ अंशांच्या जवळ आणि वाफ ७९ टक्क्यांच्या आसपास. एका उकळीत याहून जास्त मिळत नाही.

रिफ्लक्स कॉलममध्ये वर थंड झालेल्या द्रवाचा मोठा भाग पुन्हा खाली सोडला जातो. खाली येणारा द्रव आणि वर जाणारी वाफ पॅकिंगच्या, म्हणजे कॉलममध्ये भरलेल्या जाळीच्या, ओल्या पृष्ठभागावर एकमेकांना भेटतात. पाणी आणि जड घटक द्रवाबरोबर खाली जातात, अल्कोहोल वाफेबरोबर वर. हीच देवघेव पुन्हा पुन्हा होऊन शेवटी ९५ टक्क्यांच्या घरातला माल बाहेर येतो. म्हणजे या यंत्राचे दोन प्राण आहेत: खाली परतणारा द्रव, आणि त्याला वाफेशी भेटवणारं पॅकिंग. पॉट स्टिल करायचा तर दोन्ही काढायचे. शिवाय तिसरी एक गोष्ट तपासायची, ती बहुतेक जण विसरतात. आधी वरचा कंडेन्सर जी उष्णता उचलत होता ती आता कुठे जाणार?

तुमचा कॉलम कोणत्या प्रकारचा आहे

सर्वांत सोपा प्रकार म्हणजे ज्यात कॉलमच्या माथ्यावर डिफ्लेग्मेटर, म्हणजे वाफेचा काही भाग थंड करून खाली परत पाठवणारा कंडेन्सर असतो, त्याच्यावरून वाफ वळून तिरक्या नळीने प्रॉडक्ट कंडेन्सरकडे, म्हणजे तयार दारू थंड करणाऱ्या कंडेन्सरकडे जाते, आणि त्या कंडेन्सरचं तोंड कायम उघडं असतं. इथे डिफ्लेग्मेटरचं पाणी बंद केलं की वाफेला पुढचा रस्ता मोकळाच असतो. काही ठिकाणी एकच पाण्याची नळी आधी प्रॉडक्ट कंडेन्सरमधून आणि मग डिफ्लेग्मेटरमधून नेलेली असते. तसं असेल तर आधी दोघांचं पाणी वेगळं करा, नाहीतर एकाला चालू ठेवून दुसऱ्याला बंद करता येणार नाही.

पाणी बंद करताना एक चूक हमखास होते. डिफ्लेग्मेटरच्या येणाऱ्या आणि जाणाऱ्या, दोन्ही नळ्यांचे कॉक बंद केले जातात आणि आत पाणी कोंडलं जातं. वाफेचं तापमान शंभराच्या आत असल्यामुळे ते पाणी उकळत नाही, म्हणून यात काही बिघडत नाही असं वाटतं. पण २० अंशांचं पाणी ९० अंशांपर्यंत तापलं की आकारमानाने साडेतीन टक्क्यांच्या जवळपास फुगतं. पाणी दाबलं जात नाही, मग जोड तरी उसवतो किंवा नळी सुटून गरम पाणी उडतं. डिफ्लेग्मेटर पूर्ण रिकामा करा आणि त्याचं एक तोंड उघडं ठेवा.

दुसरा प्रकार म्हणजे ज्यात एकच कंडेन्सर अगदी माथ्यावर असतो, त्याखाली तिरक्या पट्ट्यांवर द्रव साठतो आणि बाजूच्या नीडल व्हॉल्व्हमधून हवा तेवढा काढून घेतला जातो. उरलेला ओसंडून खाली परततो. या कॉलमचा माथा वर उघडा असतो आणि तो तसाच असायला हवा. इथे पाणी बंद करायचंच नाही. या एकाच कंडेन्सरवर सगळी भिस्त आहे. पाणी थांबलं की काही मिनिटांत वाफ वरून बाहेर. पॉट स्टिल करायचा तर पाणी चालू ठेवून नीडल व्हॉल्व्ह पूर्ण उघडायचा, म्हणजे साठलेला सगळा द्रव बाहेर पडेल आणि खाली काहीच परतणार नाही.

निदान कागदावर तरी. प्रत्यक्षात तो व्हॉल्व्ह थेंबाथेंबाचं मोजमाप करायला बनवलेला असतो. २ किलोवॅट उष्णतेवर निम्मे रेणू अल्कोहोलचे असलेली वाफ मिनिटाला ११० मिलीच्या आसपास द्रव देते. तेवढा द्रव त्या बारीक छिद्रातून, पट्टीवरच्या अर्ध्या बोटाच्या उंचीच्या जोरावर, जाईल का? हे स्टिल थंड असतानाच तपासा. व्हॉल्व्ह पूर्ण उघडा, पट्टीवर वरून पाणी ओतत राहा, आणि मापाच्या भांड्यात मिनिटाला किती येतं ते बघा. ६० मिली येत असेल तर २ किलोवॅटवर उरलेले ५० मिली खाली परतणार, म्हणजे नकळत रिफ्लक्स चालूच राहिला. एकतर उष्णता कमी करा किंवा नीडल व्हॉल्व्ह काढून तिथे सरळ नळी लावा. पट्टीवर साठून राहणारं डबकंही लक्षात ठेवा. आधीचं आणि नंतरचं तिथे एकमेकांत मिसळत राहतं, त्यामुळे या प्रकारावर वासाची सीमा धूसर होते.

तिसऱ्या प्रकारात वाफच विभागली जाते. कॉलमच्या माथ्यावर टी आकाराचा जोड असतो, सरळ वर रिफ्लक्स कंडेन्सर आणि त्याच्यावर उघडं तोंड, बाजूला गेट व्हॉल्व्ह आणि पुढे प्रॉडक्ट कंडेन्सर. गेट व्हॉल्व्ह पूर्ण उघडला तरी वाफेचा काही भाग वर जातोच आणि थंड होऊन परततो. वरचं पाणी बंद केलं तर तीच वाफ उघड्या तोंडातून खोलीत. मग काही जण वरच्या तोंडाला टोपण लावतात. हे कधीही करू नका. टोपण लावल्यावर गेट व्हॉल्व्हला कुणाचा हात लागला, तर खाली तापत असलेला बॉयलर चारी बाजूंनी बंद झाला. या प्रकारात माथ्याचा सगळा भाग क्लॅम्प सोडून उतरवायचा आणि त्याच्या जागी बेंड लावून वाफ सरळ प्रॉडक्ट कंडेन्सरकडे न्यायची, मध्ये कुठलाही व्हॉल्व्ह नाही.

खरं तर माझा कल तिन्ही प्रकारांत याच्याकडेच आहे. २ इंची ट्रायक्लॅम्पचा, म्हणजे पकडीने जोडायचा, एक ९० अंशांचा बेंड, पुढे उतरती नळी आणि कंडेन्सर, एवढा जादा सांगाडा जवळ असला की कॉलम आणि पॉट यांतला बदल दहा मिनिटांत होतो आणि मनात शंका उरत नाही. जोडणी झाल्यावर, बॉयलर रिकामा आणि थंड असताना, त्याचं भरण्याचं झाकण उघडं ठेवा आणि कंडेन्सरच्या टोकाला तोंड लावून फुंका. हवा विनासायास बॉयलरमधून बाहेर यायला हवी. जोर लावावा लागत असेल तर रस्त्यात काहीतरी अडलेलं आहे.

पॅकिंग काढायचं, पण त्याचं कारण वेगळं

असं समजलं जातं की पॅकिंग आत राहिलं तर टक्केवारी फार वाढेल आणि चव जाईल. हिशोब वेगळं सांगतो. २ इंची, १ मीटर उंचीच्या उघड्या नळीचा बाहेरचा पृष्ठभाग साधारण ०.१७ चौरस मीटर असतो. आत ऐंशी-नव्वद अंश आणि बाहेर खोलीचं तापमान, तर त्यातून १०० वॅटच्या आसपास उष्णता निघून जाते. बॉयलरला २ किलोवॅट देत असाल तर हा जेमतेम ५ टक्के रिफ्लक्स झाला. खाली परतणारा द्रवच इतका कमी, की पॅकिंग कितीही चांगलं असलं तरी ४० टक्क्यांच्या मालावर वाफ ७९ वरून ८१ टक्क्यांच्या पुढे जाणं अवघड. पण तोच कॉलम ६०० वॅटवर हळू चालवला तर तेच १०० वॅट म्हणजे सहावा हिस्सा, आणि मग ८३-८४ टक्क्यांपर्यंत मजल जाते. म्हणून उंच कॉलमचा पॉट स्टिल करताना कॉलमभोवती इन्सुलेशन गुंडाळायलाच हवं. १३ मिलिमीटर जाडीच्या साध्या आवरणानेही १०० वॅटचे ३० होतात.

मग पॅकिंग काढायचं कशासाठी? एक, ते द्रव धरून ठेवतं. जाळीच्या किंवा तारेच्या घासण्यांच्या गुंत्यात अडकलेला द्रव हेड्सच्या, म्हणजे सुरुवातीच्या झणझणीत मालाच्या वेळचा असतो आणि हार्ट्समध्ये, म्हणजे मधल्या चांगल्या मालात, हळूहळू झिरपत राहतो. कट, म्हणजे एक भाग संपवून दुसरा वेगळा काढणं, कुठे घ्यावा हे नाकाला कळेनासं होतं. दोन, मागच्या खेपेचे टेल्स, म्हणजे शेवटचा जड माल, त्यात बसलेले असतात. ओल्या पुठ्ठ्यासारखा तो वास एकदा नाकात बसला की विसरत नाही. तीन, फेस. वॉश उसळला तर रिकाम्या नळीत तो चढून पुन्हा खाली बसतो. पॅकिंगमध्ये शिरला की गाळ आणि यीस्ट तिथेच शिजतात, रस्ता चोंदतो आणि बॉयलरमध्ये दाब वाढायला लागतो. या तिसऱ्या कारणासाठी तरी पॅकिंग ठेवून वॉश कधी उकळू नये.

स्टेनलेस स्टीलच्या कॉलममधून तांब्याची जाळी काढली की वाफेचा तांब्याशी संबंधच संपतो, आणि मग गंधकाचा, उकडलेल्या कोबीसारखा वास दारूत उतरतो. तांबं हायड्रोजन सल्फाइडसारखे घटक पकडून ठेवतं, ते काम स्टील करत नाही. उपाय साधा आहे. तांब्याच्या जाळीची हाताच्या मुठीएवढी, अगदी सैल गुंडाळी कॉलमच्या वरच्या टोकाला, बेंडच्या अलीकडे ठेवा. सैल म्हणजे एका बाजूने बघितलं तर दुसऱ्या बाजूचा उजेड दिसावा इतकी. खाली ठेवली तर पहिल्याच उसळीत ती फेसाने माखते. जाळी काळी पडली की कोमट पाण्यात सायट्रिक ॲसिड घालून बुडवा, गुलाबी झाली की धुऊन वाळवा.

रिकाम्या कॉलमची उंची ठेवायची की नाही? वॉशची पहिली खेप असेल तर ठेवा, फेसाला जागा मिळते. दुसऱ्या खेपेला, जिथे फेस नसतो आणि चव हवी असते, तिथे मधला तुकडा काढून बेंड बॉयलरच्या जवळ आणा.

सगळी उष्णता आता एकाच कंडेन्सरवर

रिफ्लक्सवर चालताना प्रॉडक्ट कंडेन्सरकडे वाफेचा लहानसा हिस्सा जातो, बाकीचं वरचा कंडेन्सर सांभाळतो. त्यामुळे पुष्कळ कॉलमबरोबर येणारा प्रॉडक्ट कंडेन्सर नाजूकच असतो. पॉट म्हणून चालवताना त्याच्यावर अचानक पूर्ण भार येतो. २ किलोवॅट उष्णता उचलायची आणि पाणी ४० अंशांनी तापू द्यायचं, तर मिनिटाला ०.७ लिटरच्या वर पाणी लागतं. एवढं पाणी देऊनही कंडेन्सरचा पृष्ठभाग अपुरा असेल तर वाफ निसटतेच.

नळीची रुंदीही बघा. २ इंची कॉलममध्ये २ किलोवॅटची वाफ सेकंदाला ०.७ मीटर वेगाने चालते. तीच १५ मिलिमीटरच्या तांब्याच्या नळीत शिरली की वेग सेकंदाला १० मीटरपर्यंत जातो. तिथे ती थंड झालेले थेंब ओढत नेते आणि धार एकसारखी पडायच्या ऐवजी उचक्या दिल्यासारखी पडते.

म्हणून वॉशच्या आधी एक खेप नेहमी साध्या पाण्याची करा. बॉयलरमध्ये ८-१० लिटर पाणी घ्या, ज्या वॅटवर खेप चालवायची त्याच्या सव्वापट उष्णता द्या आणि कंडेन्सरच्या टोकाशी बसून बघा. सव्वापट अशासाठी, की पाण्याची वाफ १०० अंशांची असते आणि थंड पाण्याशी तिचा फरक जास्त, त्यामुळे ती थंड करायला सोपी. अल्कोहोलची वाफ ८०-९० अंशांची, तिथे कंडेन्सरची ताकद कमी पडते. चाचणीत २ किलोवॅटला मिनिटाला ५० मिलीच्या वर पाणी आलं पाहिजे. त्याहून फारच कमी आलं आणि टोकाशी वाफ दिसत नसेल, तर वाफ कुठल्यातरी जोडातून जाते आहे. थंड आरसा किंवा स्टीलचा चमचा जोडाजवळ धरला की लगेच धूसर होतो. जोडांना पीटीएफईचे (टेफ्लॉनचे) गॅस्केट हवेत. वाफेच्या वाटेवर रबर किंवा प्लास्टिकची नळी नको, अल्कोहोल त्यातलं काय काय विरघळवून घेईल याचा नेम नाही.

बाहेर येणारा द्रव हाताला थंड लागायला हवा. ४० टक्क्यांची दारूसुद्धा २६ अंशांच्या आसपास पेट घेणारी वाफ सोडू लागते, आणि कडक माल त्याहून कमी तापमानाला. धार कोमट येत असेल तर पाणी वाढवा किंवा उष्णता कमी करा. बरणी तोंडाशी अरुंद ठेवा, पण नळीचं टोक बरणीतल्या द्रवात कधीही बुडू देऊ नका. उष्णता बंद केल्यावर बॉयलर थंड होतो, आत पोकळी तयार होते आणि बुडालेल्या टोकातून बरणीतला माल उलटा आत ओढला जातो. पातळ पत्र्याचा बॉयलर तर चेपतोही. खोलीत हवा खेळती ठेवा, उघडी ज्योत नको, आणि स्टिल चालू असताना तिथून हलू नका.

पहिली खेप, म्हणजे स्ट्रिपिंग

वॉशमधलं अल्कोहोल भराभर काढून घ्यायची ही खेप. पॉटच्या जोडणीचा सर्वांत मोठा उपयोग इथे आहे, आणि नंतर न्यूट्रलच करणार असाल तरीही आहे. २५ लिटर, ९ टक्क्यांचा वॉश घ्या. त्यात सव्वादोन लिटर शुद्ध अल्कोहोल आहे. वॉश आधी ढवळून त्यातला कार्बन डायऑक्साइड घालवा, गाळ बसू द्या, आणि बॉयलर पाऊण भरेल एवढाच ओता. २ किलोवॅटवर उकळी यायला तास-सव्वातास लागतो. पहिल्या उकळीला उष्णता निम्म्यावर आणा आणि पाच-दहा मिनिटं फेस बघा, मग पूर्ण सोडा. फेस चढला की धार गढूळ होते, तेव्हा उष्णता लगेच कमी करा आणि तो गढूळ माल बॉयलरच्या पुढच्या भरणीत टाका.

सुरुवातीला मिनिटाला ८० मिलीच्या आसपास येतं आणि शेवटाकडे ५०-५५ वर उतरतं. हीटर बिघडला असं वाटतं, पण तसं नसतं. वाफेत पाणी वाढत जातं, आणि पाण्याची वाफ करायला किलोमागे अल्कोहोलच्या अडीचपटीहून जास्त उष्णता लागते. तापमापकाकडे बघत बसू नका. रिफ्लक्सवर काटा ७८ च्या पुढे थोडासा जाऊन थांबतो आणि तो थांबला की सगळं ठीक. पॉटवर तो पहिल्या मिनिटापासून वर चढतच राहतो, त्याला स्थिर करायच्या नादात उष्णता कमी-जास्त केली तर धार बिघडते.

येणारी धार १२-१५ टक्क्यांवर आली की थांबा. एकत्र केलेला माल सव्वासहा लिटरच्या आसपास, ३२ टक्क्यांचा निघतो. हे लो वाइन्स. अशा तीन खेपांचे मिळून १९ लिटर होतात, म्हणजे दुसऱ्या खेपेची भरणी. भरणी ४० टक्क्यांच्या वर कधी जाऊ देऊ नका, जास्त असेल तर पाणी घाला. आणि आत हीटर असेल तर शेवटी उरणारा द्रव त्याच्यावर किमान चार बोटं राहील याचा हिशोब आधीच करा. अल्कोहोलच्या वाफेत उघडा पडलेला तापलेला हीटर म्हणजे आगीला आमंत्रण.

दुसरी खेप

३२ टक्क्यांच्या लो वाइन्सची पहिली धार ७६-७८ टक्क्यांची येते. इथे घाई नको. ७०० वॅटवर, इन्सुलेशन लावून, मिनिटाला ३५-४० मिली. चार तास तरी धरून चला. धार पेन्सिलच्या शिशाएवढी, न तुटणारी, पण बरणीत पडताना आवाज न करणारी.

बोलीत "पहिल्या धारेची" म्हणजे अस्सल, कडक. इथे मात्र पहिल्या धारेचे १५०-२०० मिली टाकूनच द्यायचे. त्यात ॲसिटाल्डिहाइड आणि इथाइल ॲसिटेट असतं, नखांचं पॉलिश काढायच्या द्रवासारखा झणझणीत वास. पण हे टाकलं की मिथेनॉल गेलं, ही समजूत चुकीची आहे. मिथेनॉलचा उकळबिंदू ६४.७ अंश, म्हणून ते सगळं आधी निघून जाईल असं वाटतं. पाण्याच्या सोबतीत ते तसं वागत नाही, पॉट स्टिलमध्ये ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत थोडं थोडं येत राहतं. साखरेच्या वा धान्याच्या वॉशमध्ये ते मुळात नगण्य असतं. फळांच्या सालीत आणि गरात पेक्टिन असतं, त्यातून थोडं अधिक तयार होतं, म्हणून ते वॉश लावतानाच, साल-गर कमी ठेवून, आटोक्यात ठेवावं लागतं. आणि औद्योगिक किंवा डीनेचर्ड स्पिरिट पुन्हा गाळून पिण्याजोगं करता येत नाही. ना पॉटने, ना घरच्या कॉलमने. असं करून माणसं आंधळी झाली आहेत आणि मेली आहेत.

पुढचं सगळं ३००-४०० मिलीच्या बरण्यांत, क्रमांक घालून. बरण्यांवर कापड बांधून चोवीस तास ठेवा, मग प्रत्येकीतला चमचाभर माल पाणी घालून ३० टक्क्यांच्या आसपास आणा आणि वास घ्या. कडक मालाचा वास घेऊन कट ठरवू नये, अल्कोहोलच नाक बधिर करतं. हार्ट्स साधारण ६०-६५ टक्क्यांपर्यंत टिकतात, पुढे ओल्या पुठ्ठ्याचा वास डोकावायला लागतो. पण हा आकडा नुसता अंदाजाचा, अंतिम शब्द नाकाचा. २० टक्क्यांपर्यंतचे टेल्स पुढच्या खेपेच्या भरणीत टाकायला राखून ठेवा. अल्कोहोलमीटर २० अंशांना बरोबर वाचतो. ३० अंशांचा माल तीन-चार अंकांनी जास्त दाखवतो, तेवढं वजा करून वाचा.

दोन्हीचा मेळ

डिफ्लेग्मेटरवाल्या कॉलमवर एक युक्ती आहे, आणि नुसत्या पॉटला ती जमत नाही. फळांची ब्रँडी करताना, पॅकिंग न घालता, सुरुवातीला डिफ्लेग्मेटरला पूर्ण पाणी देऊन अर्धा तास सगळं परत पाठवत राहा. हलके घटक माथ्याशी गोळा होतात. मग पाणी किंचित कमी करून ते थेंबाथेंबाने काढून घ्या. हेड्स थोड्या मालात एकवटून निघतात. वास निवळला की डिफ्लेग्मेटर बंद करा आणि उरलेली खेप पॉट म्हणून चालवा.

यात क्रम महत्त्वाचा. आधी प्रॉडक्ट कंडेन्सरचं पाणी वाढवा, मग डिफ्लेग्मेटरचं दोन-तीन मिनिटं घेत हळूहळू कमी करा. झटक्यात बंद केलं तर सगळी वाफ एकदम पुढे धावते आणि टोकातून फुसकन बाहेर येते. इथे डिफ्लेग्मेटर खेपेच्या मध्यात रिकामा करता येत नाही, म्हणून फक्त येणारा कॉक बंद करा, जाणारी नळी उघडीच राहू द्या. पुन्हा रिफ्लक्स हवा असेल तर पाणी थेंबाथेंबाने सोडा. तापलेल्या डिफ्लेग्मेटरमध्ये एकदम थंड पाणी शिरलं की आतली वाफ क्षणात आकसते, टोकातून हवा आत ओढली जाते आणि वरचा द्रव एकदम खाली कोसळतो. अर्ध्या तासाची मेहनत दहा सेकंदांत पुन्हा ढवळली जाते.

पॉटवर चव असलेली खेप झाली की तोच कॉलम लगेच न्यूट्रलला लावू नका. आधी बॉयलरमध्ये ३ लिटर साधं पाणी घेऊन अर्धा तास वाफ जाऊ द्या, कंडेन्सरचं पाणी बंद ठेवून शेवटची पाच मिनिटं, म्हणजे वाफ टोकापर्यंत गरम पोहोचते आणि आतले टेल्स निघतात. हे करताना बॉयलरमध्ये अल्कोहोलचा थेंबही नको आणि हात टोकापासून दूर ठेवा. मग गॅस्केट सोडून बघा. बेंडच्या आतल्या खालच्या बाजूला आणि कंडेन्सरच्या पहिल्या बोटभर भागात तेलकट थर बसतो, तो ब्रशनेच निघतो. पॅकिंग पूर्ण वाळलेलं असेल तरच परत भरा, आणि भरण्याआधी त्याचा एकदा वास घ्या.